हिवाळ्यातली छाटणी

तासगावात बेदाण्याला भाव नसला की माल कोल्ड स्टोरेजला टाकतात आणि भाव फिरेपर्यंत गप्प बसतात. संज्योत म्हेत्रेच्या वडिलांनी, अण्णांनी, आयुष्यभर हेच केलं. कधी साधलं, कधी फसलं. त्यामुळे थांबायचं कसं, हे संज्योतला कुणी शिकवावं लागलं नाही. ती मिनेसोटात आली, तिथल्या एका कंपनीनं तिच्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज घातला आणि ती रांगेत उभी राहिली. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपल्याकडे वैतागून म्हणतात. सहा महिने! रांगेतल्या लोकांना ते ऐकून हसू यायचं. भारतात जन्मलेल्यांची ही रांग कधीच वीस वर्षांपलीकडे गेली होती. माणसं रांगेतच लग्नं करत, घरं घेत, म्हातारी होत, आणि अधूनमधून रांगेतच मरत.

मोठ्यांचं एक वेळ ठीक होतं. खरी अडचण मुलांची. अर्ज आईचा, मुलं त्याच्या पदराखाली, पण तेही एकवीस वर्षं पुरी होईपर्यंतच. संज्योतची थोरली, कृत्तिका, तीन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून आली होती. धाकटा शौनक इथेच जन्मला, म्हणून जन्मतःच नागरिक. एकाच ताटात जेवणारी दोन भावंडं. एकाला इथून कुणी हलवू शकत नव्हतं, आणि दुसरीला एका वाढदिवशी सामान बांधावं लागणार होतं. शौनक मोठा झाल्यावर आईवडिलांची सोय लावू शकला असता, बहिणीची वेळेत नाही. तिला आधार फक्त आईच्या अर्जाचा, आणि तो अर्ज उभा होता आईच्या नोकरीवर.

नोकरी होती झोपेच्या कंपनीत.

त्या मुलखात एक खार असते. हिवाळा आला की ती बिळात अंगाचा गोळा करून पडते. अंग गारठतं, हृदय मिनिटाला पाचसहा ठोके देतं, आणि वसंतात बाईसाहेब ताज्यातवान्या उठतात. तिच्या मेंदूतलं कुठलं रसायन ही झोप आणतं ते सापडलं, आणि माणसालाही तशी शीतनिद्रा देता येऊ लागली. आधी ती अवयवाची वाट बघणाऱ्या रुग्णांसाठी होती. मग लक्षात आलं की झोपलेल्याचं वयही थांबतं. आपल्या पेशींतल्या डीएनएवर वयाबरोबर बारीक रासायनिक खुणा चढत जातात, जुन्या भिंतीवर शेवाळ चढावं तशा. त्या मोजल्या की शरीर किती जगलंय ते कळतं. याला म्हणायचं पेशींचं घड्याळ. शीतनिद्रेत हे घड्याळ जवळजवळ बंद पडतं.

आता योगायोग बघा. देशोदेशीच्या खऱ्याखोट्या जन्मदाखल्यांना विटून सरकारनं त्याच सुमारास ठरवलं की मुलांचं वय यापुढे दाखल्यावरून नाही, पेशींच्या घड्याळावरून धरायचं. या दोन गोष्टींची सोयरीक जमायला कितीसा वेळ लागणार? ज्यांना परवडेल ते आपली मुलं हिवाळाभर झोपवू लागले. परवडणारे थोडेच होते. पण कंपनीतल्या नोकरदारांच्या मुलांना पलंग फुकट होता, आणि झोपलेल्यांची हृदयं सांभाळणं हेच संज्योतचं काम होतं.

कृत्तिका सोळाची असताना पहिल्यांदा झोपली. दिवाळी आटोपली की झोपायची, एप्रिलमध्ये उठायची. असे आठ हिवाळे गेले. दाखल्यावर ती चोवीस वर्षांची होती, घड्याळावर वीस. बरोबरच्या मुली शिकून नोकरीला लागल्या, एकदोघींना पोरं झाली. कृत्तिका अजून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होती, आणि मिनेसोटात राहून तिनं आठ वर्षांत बर्फ पाहिला नव्हता.

त्या एप्रिलमध्ये ती उठली तेव्हा संज्योतचा नवरा, उदयन, नेहमीसारखंच म्हणाला, "चला, माल बाहेर निघाला." सगळे हसले. घरी आल्यावर कृत्तिका चहाचा कप घेऊन दिवाणखान्यातला फोटो बघत उभी राहिली. फोटोत ती होती, शौनक होता, आणि दोघांच्या मध्ये जीभ काढून बसलेला एक तपकिरी कुत्रा.

"हा कुणाचा कुत्रा गं, आई?"

तो बंड्या होता. सात वर्षं तिच्याच पायाशी झोपलेला. तो गेला तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

"अगं, आपला बंड्या," संज्योत म्हणाली.

"हां, हां," कृत्तिका म्हणाली, आणि कपात बघू लागली.

कंपनी याला 'जागेपणीचं धुकं' म्हणायची आणि महिन्याभरात जातं असं सांगायची. संज्योतनंही स्वतःला तेच सांगितलं.

जूनमध्ये मकरंद वाघाडे जेवायला आला. हा मूळचा नागपूरचा, मेंदूचा डॉक्टर. पूर्वी संज्योतच्याच कंपनीत होता, वर्षापूर्वी सोडून शेजारच्या शहरातल्या रुग्णालयात गेला होता. मोकळा, बडबड्या माणूस. त्या दिवशी मात्र त्यानं भाकरी नुसतीच कुस्करली.

"संज्योतताई, आमच्याकडे या," तो म्हणाला. "झोपेतून उठलेल्यांसाठी वेगळा विभाग काढलाय. मला हृदयाकडे बघणारं माणूस पाहिजे. काम तेच आहे, म्हणून कायदा आडवा येत नाही. कागद आम्ही नव्यानं घालू, पण रांगेतली तुमची जागा जुनीच राहील. मी सगळं विचारून आलो आहे."

"आणि पलंग?"

"पलंग नाही. आम्ही कुणाला झोपवत नाही, ताई. आम्ही उठलेल्यांना बघतो."

मग त्यानं सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या फांद्यांनी. गाढ थंडीत या फांद्या आखडतात, झडतात. ऊब आली की पुन्हा फुटतात. खारीला फारसं काही लक्षात ठेवायचं नसतं, बीळ कुठं आणि दाणा कुठं. माणसाला आईचा चेहरा लक्षात ठेवायचा असतो. फुटलेली प्रत्येक फांदी जुन्या जागी जाऊन भिडतेच असं नाही. रुग्ण एकदाच झोपतो, त्याचं फारसं बिघडत नाही. पण वर्षागणिक झोपणारी मुलं... "आधी लहानसहान जातं. नावं, रस्ते. मग जुन्यातलं जुनं जायला लागतं. आणि गेलं हे त्यांना कळत नाही, ताई. मुलं मधली जागा अंदाजानं भरून घेतात आणि तेच खरं धरून चालतात."

संज्योत ऐकत होती, पण तिच्या डोळ्यांसमोर अण्णांचा द्राक्षमळा होता. तासगावात वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. परक्या माणसानं बघितलं तर वाटावं, वेल मेली. नुसतं खोड आणि त्याचे आडवे हात, ओलांडे. आणि पंधरा दिवसांत डोळे फुगतात, पोपटी फूट येते. छाटल्याशिवाय घड येत नाही, हे तिथलं पोरही सांगेल. फांद्या आखडतात आणि पुन्हा फुटतात, हे ऐकून दुसरी एखादी आई हादरली असती. द्राक्षवाल्याच्या लेकीला त्यात भरवसा वाटला. तिथेच ती चुकली.

"रांग कुठवर आली आहे?" मकरंदनं विचारलं.

"पुढच्या वसंतात नंबर लागेल म्हणतात. आणि कृत्तिका जागी राहिली तर फेब्रुवारीत तिचं घड्याळ एकविसावर जातं."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं ते होतं. निघताना दारात मकरंद एवढंच म्हणाला, "जागा मी तुमच्यासाठी ठेवतो."

तिनं अण्णांना फोन केला. अण्णा आता थकले होते, पण मळ्यात रोज एक चक्कर असायचीच. तिनं सगळं नीट सांगितलं आणि शेवटी छाटणीचं उदाहरण दिलं. त्यांना पटेल अशी तिची खात्री होती.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संजू, वेल आपण छाटतो ती आपल्या घडासाठी गं. वेलीच्या भल्यासाठी न्हवं. वेलीला कुणी इचारलंय कधी?"

"तसं नाही अण्णा. एकच हिवाळा राहिलाय."

"बेदाण्याला मीबी तसंच म्हणायचो. अजून आठ दिस. तू बघितलंयस की."

तिनं विषय बदलला. उदयननंही एकदा तोंड उघडलं. "पोरगी गेली भारतात, तर काय बिघडतंय? अण्णा आहेत, घर आहे." संज्योत त्याच्यावर उखडली. तीन वर्षांची असताना सोडलेल्या देशात ती एकटी काय करणार? आणि आठ हिवाळे मग कशासाठी घालवले? या दुसऱ्या प्रश्नापाशी उदयन उठला आणि भांडी घासायला लागला. घातलेलं वाया जाऊ नये म्हणून माणूस आणखी घालत जातो. बाजारात हे सगळ्यांना कळतं, घरात कुणालाच कळत नाही.

राहता राहिली कृत्तिका. ऑक्टोबरात चकल्या पाडता पाडता ती म्हणाली, "आई, या वर्षी नको ना."

"का गं?"

"काही नाही. बर्फ बघायचाय." मग खाली बघत म्हणाली, "बंड्या मला अजून आठवत नाही. फोटो बघून बघून पाठ केलाय."

संज्योतच्या हातातला सोऱ्या थांबला. त्या क्षणी ती 'बरं' म्हणाली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तिच्या मनात रांग होती, आणि रांगेच्या तोंडाशी आलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही.

"हा शेवटचा," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये तू उठलीस की मी ही नोकरी सोडते. मकरंदकडे जाते. शप्पथ."

"तू म्हणशील तसं," कृत्तिका म्हणाली. मुलगी शहाणी होती. ती नाही म्हणणार नाही हे आईला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच आईनं शब्द टाकला होता.

भाऊबिजेला शौनक कॉलेजातून घरी आला. गडी बापाहून उंच झाला होता, दाढी राखली होती. घड्याळाच्या हिशेबानं आता दोघं एका वयाची होती.

"आजपासून बरोबरी," पाटावर बसत तो म्हणाला. "पुढच्या वर्षी मी मोठा. पाया तू पडायचं."

"गप रे. घड्याळ गेलं खड्ड्यात. ताई ती ताईच." कृत्तिकानं त्याला टिळा लावला, ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवून सुरुवात केली, "तू चार वर्षांचा होतास..."

"झालं सुरू!"

"ऐक. दर वर्षी सांगितल्याशिवाय ओवाळणी हक्काची होत नाही. आपण मार्चमध्ये तासगावला गेलो होतो. तू अण्णांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये हरवलास. सगळी माणसं विहिरीकडे पळाली. मी रॅकखाली वाकून बघते, तर साहेब मुठीत बेदाणे धरून गाढ झोपलेत. आजी म्हणाली, झोपलंय लेकरू, झोपू दे. सगळेच म्हणाले, झोपू दे. मी म्हटलं, नाही. उठवा त्याला. त्या दिवशी शेडला गंधकाची धुरी द्यायची होती, कुणाच्या लक्षातच नव्हतं. मी नसते तर आज या पाटावर कोण बसलं असतं?"

"कुणी नाही, ताई," शौनक शहाण्या मुलासारखा म्हणाला आणि वाकून तिच्या पाया पडला. मग तिनं त्याच्या डोक्यावर टपली मारली. हेही दर वर्षीचंच.

दोन दिवसांनी ती झोपली. संज्योतनं स्वतः तिच्या छातीवरच्या तारा लावल्या, आणि ठोके हळूहळू लांबत गेलेले बघितले.

जानेवारीत रांग एकाएकी पुढे सरकली. वरच्या कुणीतरी मागच्या वर्षांची शिल्लक कार्डं मोकळी केली म्हणे. म्हेत्रे कुटुंबाचा नंबर लागला. कृत्तिका जागी असती तरी तिच्या घड्याळात तीन आठवडे उरले असते.

हे कळलं तेव्हा संज्योत स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसली आणि रडली. उदयनला वाटलं, आनंदानं. तीही आधी तसंच समजली. मग तिनं डोळे पुसले आणि थेट कंपनीत गेली. पण अर्ध्या झोपेतून उठवलेलं हृदय टिकत नाही, हे दुसऱ्यांना सांगायची तिचीच नोकरी होती. काचेपलीकडे लेक गार पडून होती. बाहेर बर्फ भुरभुरत होता, तिला बघायचा होता तोच. कायमच्या वास्तव्याची तीन कार्डं घरात टेबलावर आली, आणि वसंतापर्यंत कुणाला काहीच करता आलं नाही.

एप्रिलमध्ये कृत्तिकाला ऊब दिली तेव्हा पलंगाभोवती सगळे होते. तिनं डोळे उघडले. आईला ओळखलं, बाबांना ओळखलं. कार्ड दाखवल्यावर हसली. मग पायाशी उभ्या असलेल्या शौनककडे बघून तिनं हात पुढे केला.

"दादा, तू कधी आलास?"

उदयनला वाटलं, चेष्टाच करतेय. तो हसला. पण शौनक हसला नाही. तो पुढे झाला आणि त्यानं तिचा हात धरला.

"आत्ताच," तो म्हणाला.

संज्योतनं शब्द पाळला. त्याच आठवड्यात राजीनामा दिला आणि मकरंदच्या विभागात रुजू झाली. आता अर्ज नव्हता, रांग नव्हती, कुणाची परवानगी लागत नव्हती. मन मानेल तिथे नोकरी करायला ती मोकळी होती. या मोकळेपणासाठी तिनं अर्धं आयुष्य घातलं होतं. पहिल्या दिवशी तिच्या हातात पहिली फाइल आली ती कृत्तिका म्हेत्रे या नावाची.

मकरंदनं पुष्कळ खटपट केली. कृत्तिकाची भाषा शाबूत होती, गणित शाबूत होतं. तासगाव गेलं होतं. लहान शौनक समूळ गेला होता. त्याचं रांगणं, त्याला घातलेल्या अंघोळी, त्याचं बोट धरून नेलेली शाळा, सगळं. भाऊ आहे एवढं उरलं होतं, आणि दाढीवाला उंच भाऊ म्हणजे दादा, असा अंदाज तिच्या मेंदूनं बांधून टाकला होता. तिला दाखले दाखवले, फोटो दाखवले. तिनं नीट समजून घेतलं. "हो, कळलं. मी मोठी आहे," ती म्हणायची. आणि पुढच्याच वाक्याला, "दादा, मीठ दे." मग घरातल्यांनी सांगणं सोडून दिलं.

अण्णांना संज्योतनं फोनवर सारं सांगितलं. ते बोलतील, बोलावं, असं तिला वाटत होतं. अण्णा फक्त म्हणाले, "पोरगी जेवते का गं बरी?" आपण आपल्या हातानं हे केलं, हे संज्योतला रोज कळत होतं. कामावर दुसऱ्यांच्या मुलांची हृदयं तपासताना तर दर ठोक्याला कळत होतं.

पुन्हा दिवाळी आली. भाऊबिजेला शौनक पाटावर बसला. कृत्तिकानं टिळा लावला, ओवाळलं, निरांजन खाली ठेवलं. पुढे काहीतरी असतं, एवढं तिला जाणवलं असावं. ती हात तसाच धरून थांबली. काय ते तिला सापडेना. मग ती वाकली आणि शौनकच्या पाया पडली.

संज्योत पुढे सरकली. शौनकनं तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, असू दे. त्यानं बहिणीला उठवून शेजारी बसवलं.

"दादा, माझं लहानपणीचं काहीतरी सांग ना," कृत्तिका म्हणाली. "मला काहीच आठवत नाही."

शौनक म्हणाला, "तू चार वर्षांची होतीस. आपण मार्चमध्ये तासगावला गेलो होतो. तू अण्णांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये हरवलीस. सगळी माणसं विहिरीकडे पळाली. मी रॅकखाली वाकून बघितलं, तर बाईसाहेब मुठीत बेदाणे धरून गाढ झोपलेल्या."

कृत्तिका हसली. किती दिवसांनी हसली ती.

"मग?"

"मग काय. सगळे म्हणाले, झोपलंय लेकरू, झोपू दे." शौनकनं आईकडे बघायचं टाळलं. "मी म्हटलं, नाही. उठवा तिला."

संज्योत दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं तोंडावर पदर घेतला.

"बरं केलंस रे, दादा," कृत्तिका म्हणाली, आणि आपली ओवाळणी घ्यायला तिनं हात पुढे केला.